एका सुताचा प्रश्न

दिवाळीच्या पाडव्याला घरात काहीतरी नवे यावे, असा आपल्याकडे प्रघात आहे. खाली नेरळ-कर्जतला राहणाऱ्या माणसाला अशा वेळी एकच प्रश्न पडतो : किंमत किती? आम्हा माथेरानकरांना त्याच्याही आधी दुसरा प्रश्न पडतो : वजन किती? मोटारी दस्तुरी नाक्याला थांबतात. तिथून पुढे बाजारापर्यंतचे अडीच-तीन किलोमीटर प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी बळावर येते. साखरेचे पोते येते, सिमेंट येते, लग्नातले कपाट येते, आणि ते आणणाऱ्या माणसाचा किंवा घोड्याचा घाम आपल्याला समोर दिसतो. दुसरीकडे तो दिसत नाही एवढाच फरक. तिथे तो नसतो असे नव्हे.

गेली दोन वर्षे मी एका यंत्राच्या खरेदीचा विचार करीत आहे. दिवाळी अंकात यंत्राच्या खरेदीवर लेख लिहावा, हे कित्येक वाचकांना विचित्र वाटेल. परंतु या खरेदीने मला जितके प्रश्न विचारले, तितके माझ्या कादंबऱ्यांतल्या कुठल्याही नायकाने विचारलेले नाहीत. (आणि माझ्या कादंबऱ्यांना रंधा मारण्याची गरज आहे, असे माझ्या प्रकाशकांचे जुने मत आहेच.)

मी शिक्षक आहे. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. मुलांना भाषा शिकवतो आणि कार्यानुभवाच्या तासाला थोडेसे सुतारकामही. घराच्या मागच्या पडवीत माझे स्वतःचे छोटे लाकूडकामाचे दुकान आहे. दुकान म्हणजे विक्रीचे नव्हे. सुतार ज्या अर्थाने आपल्या कामाच्या जागेला दुकान म्हणतो, त्या अर्थाने. तिथे एक जुना लाकडी रंधा आहे, दोन करवती, पाच-सहा पटाश्या आणि एक गुण्या. पावसाळ्यात प्रवासी येत नाहीत, सारे गाव धुक्यात बुडते, त्या चार महिन्यांत माझी पडवी जागी असते.

ज्या यंत्राविषयी मी बोलतो आहे, त्याला बाजारात थिकनेस प्लेनर म्हणतात. सुतार मंडळी नुसते जाडीचे मशीन म्हणतात. फळी एका बाजूने आत सारायची. आतले रबरी रूळ ती आपोआप ओढून घेतात. वर दोन किंवा तीन पाती बसवलेला लोखंडी दंडगोल मिनिटाला आठ-दहा हजार फेरे घेत असतो. आणि दुसऱ्या बाजूने फळी बाहेर येते ती टोकापासून टोकापर्यंत एकाच जाडीची. बस्स, इतकेच याचे काम. पण हे इतकेच काम हाताने करायचे म्हटले की काय होते, याचा मी एकदा मुलांकडून हिशेब करवून घेतला. शाळेच्या पुस्तकांसाठी कपाट करायचे होते. सहा फूट लांब, नऊ इंच रुंद अशा सहा फळ्या. प्रत्येक फळीची जाडी सरासरी एक सूत जास्त. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे तीन मिलिमीटर. रंध्याचा चांगला जाड छाटा पाव मिलिमीटरचा. म्हणजे एका जागेवरून बारा वेळा जायचे. रंधा दोन इंच रुंद. नऊ इंचांसाठी पाच पट्टे. बारा पंचे साठ. सहा फुटांची लांबी एका ढकलीत होत नाही, अडीच-तीन ढकली लागतात. म्हणजे एका फळीला दीडशेच्या वर ढकली, आणि सहा फळ्यांना नऊशेहून अधिक! यंत्राला हेच काम दोन फेऱ्यांचे. एका फेरीला तेरा सेकंद. सहाही फळ्यांची मिळून तीन मिनिटेसुद्धा नाहीत.

हिशेब झाल्यावर एका मुलीने विचारले, "मग उरलेला वेळ कुणाला मिळतो?"

मुलांच्या प्रश्नांना लगेच उत्तर देण्याची शिक्षकाला सवय असते. या प्रश्नाला मी उत्तर दिले नाही, कारण ते मला ठाऊक नव्हते. आणि पुढचा सगळा खटाटोप त्यातूनच सुरू झाला.

प्रथम वस्तूची माहिती घेतली. घरगुती दुकानाला चालण्याजोगी यंत्रे दोन जातींची मिळतात. एक ओतीव लोखंडाची जड जात. तिचे वजन दोन-तीनशे किलो, आणि एकदा जागेवर बसवली की नातवंडांपर्यंत हलत नाही. पंजाबात आणि गुजरातेत तयार होणारी अशी यंत्रे आपल्याकडच्या वखारींतून दिसतात. दुसरी हलकी जात, उचलून नेता येण्याजोगी. तीत मकिताचे बारा इंची यंत्र अठ्ठावीस किलोंच्या आसपास भरते. डिवॉल्टचे तेरा इंची, तीन पात्यांचे यंत्र चाळीस किलोंच्या वर जाते. हलक्या यंत्रांची मोटार घरच्या विजेवर चालते, परंतु आवाज करते तो कानठळ्या बसवणारा. पाती पातळ, दोन्ही बाजूंना धार. एक बाजू बोथट झाली की उलटी करून लावायची. फळीच्या दोन्ही टोकांना ही यंत्रे जराशी खोल खातात, म्हणून फळी चार बोटे जास्तच ठेवावी लागते. हल्ली लांब पात्यांऐवजी कठीण धातूचे छोटे छोटे चौकोनी तुकडे गोल जिन्यासारखे बसवलेला दंडगोलही मिळतो. आवाज कमी, गाठीच्या लाकडालाही साल उचलत नाही, पण किंमत ऐकून माझ्यासारखा पगारदार शिक्षक जागच्या जागी उभा राहतो.

आमच्याकडच्या लाकडाचा आणखी एक पेच आहे. इथले झाड तोडता येत नाही, आणि ते योग्यच आहे. २००३ साली केंद्र सरकारने माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरवले, त्याच्या कितीतरी आधीपासून हे रान हीच आमची पुंजी आहे. तेव्हा लाकूड एक तर खालून वर येते, नाही तर जुन्या बंगल्यांच्या दुरुस्तीतून निघते. हे जुने सागवान म्हणजे सोने. पण त्याच्या पोटात शंभर वर्षांपूर्वीचा खिळा गंजून बसलेला असतो. हाताच्या रंध्याला तो लागला तर एक दात पडतो, सहाणेवर अर्धा तास घासले की भागते. यंत्राच्या पात्याला लागला तर तिन्ही पाती एकदम जातात. शिवाय इथली हवा. जुलैत फळी पाणी पिऊन फुगते, मार्चमध्ये आटते; ओतीव लोखंडावर एका रात्रीत तांबडे पडते. म्हणजे जड यंत्राची ऐट इथे टिकणारी नव्हे. केवळ वस्तू म्हणून पाहिले, तर हलके बारा इंची यंत्र हेच माझे उत्तर होते. ते ठरायला आठ दिवससुद्धा लागले नाहीत. बाकीचे पावणेदोन वर्षे कशात गेली, ते आता सांगतो.

यंत्राचा इतिहास वाचताना मला एक मौजेची गोष्ट सापडली. लाकडाला रंधा मारणाऱ्या यंत्राचा एक पहिला हक्कनामा इंग्लंडमध्ये १७९१ साली सॅम्युएल बेंथॅम याने घेतला. हा जेरेमी बेंथॅमचा धाकटा भाऊ. जास्तीत जास्त लोकांचे जास्तीत जास्त सुख ही नीतीची कसोटी मानणारा तत्त्ववेत्ता तो हाच जेरेमी. त्याने एक आदर्श तुरुंग कल्पिला होता. मधल्या मनोऱ्यातून सर्व कोठड्यांवर नजर राहावी, अशी त्याची रचना; आणि ती कल्पनाही मुळात सॅम्युएलचीच. या तुरुंगातल्या कैद्यांना कामाला लावण्यासाठी धाकट्या भावाची ही यंत्रे वापरायची, असा दोघांचा बेत होता. कैद्याला सुतारकाम कुठून येणार? म्हणून कसब माणसाकडून काढून यंत्रात घालायचे, मग ते यंत्र कुणीही फिरवावे. तो तुरुंग काही बांधला गेला नाही. यंत्रे मात्र जगभर पसरली. अमेरिकेत विल्यम वुडवर्थने १८२८ साली रंध्याच्या यंत्राचा हक्क घेतला, आणि मुदती वाढवून वाढवून तो १८५६ पर्यंत चालला. तोवर यंत्राने फळी साफ करणाऱ्याला हक्कदारांचे देणे चुकत नव्हते. म्हणजे त्या मुलीने विचारलेल्या वेळाचा एक भाग कुणाला मिळाला, हे तरी समजले.

मोठ्या बेंथॅमच्या गणिताने पाहिले, तर माझा प्रश्न प्रश्नच राहत नाही. एका बाजूला माझ्या आयुष्यातल्या लाखो ढकली. दुसऱ्या बाजूला एका हमालाची दस्तुरीपासून माझ्या पडवीपर्यंतची एक खेप. बेरीज-वजाबाकी करा, यंत्र घ्या, मोकळे व्हा. परंतु या गणितात एक खोच आहे. बेरीज करताना तो खांदा कुणाचा, हे विचारले जात नाही. माझ्या हाताचे दुखणे आणि हमालाच्या मानेचे दुखणे एकाच खात्यावर मांडले जाते. बँकेत असे कुणी करू लागले तर आपण पोलिसांत जाऊ.

अठ्ठावीस किलो म्हणजे किती? खोक्यासह तीस धरा. स्वयंपाकाच्या गॅसचे भरलेले सिलिंडर जवळजवळ एवढेच असते. माझ्या घरात दीड-दोन महिन्यांनी ते येते. ते घोड्याच्या पाठीवरून आले की हमालाच्या, याचा मी कधी विचार केला नव्हता, माझ्या पत्नीने केला होता. यंत्राच्या वजनाची माझी तगमग पाहून ती एवढेच म्हणाली, "सिलिंडर गरजेचं, म्हणून ते हलकं वाटतं. तुमचं यंत्र हौसेचं आहे ना, म्हणून जड." मी पुष्कळ वेळ यावर उत्तर शोधीत होतो. तिने तोवर चहा केला.

खरोखर, गरजेसाठी दुसऱ्याने वाहिलेले ओझे आणि हौसेसाठी वाहिलेले ओझे यांत वाहणाऱ्याच्या दृष्टीने काय फरक? त्याला मजुरी तीच. दस्तुरीवर ओझी उचलणाऱ्या एका ओळखीच्या बाईंना मी हे आडून आडून विचारले. त्या हसल्या. "गुरुजी, तुमी न्हाई आनलं, तर माज्या डोक्यावरचं वजन कमी हुईल, पर पोटातलं बी कमी हुईल की!" म्हणजे माझ्या सदसद्विवेकाचा खर्चही त्यांनीच सोसायचा! हे उत्तर ऐकून मी गप्प बसलो खरा, तरी समाधान झाले नाही. कारण मजुरी मिळते एवढ्याने ओझे न्याय्य ठरते, हे मान्य केले की मग आमच्या गावाने अलीकडे जे पाहिले त्याचा अर्थच लागत नाही.

माणसाने माणसाला हातरिक्षात बसवून ओढायचे, हे माथेरानात पिढ्यान् पिढ्या चालत आले. प्रवाशाला त्यात गंमत वाटे. मोटारीचा धूर नाही, भोंगा नाही, लाल मातीच्या वाटेवर चाकांचा नुसता खरखर आवाज. ही शांतता फुकट नव्हती. तिची किंमत ओढणाऱ्याच्या फुप्फुसांतून वसूल होत होती. विजेच्या रिक्षा याव्यात म्हणून गावातल्याच एका निवृत्त शिक्षकांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. २०२२ च्या डिसेंबरात त्या प्रयोगादाखल धावू लागल्या. आणि ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हातरिक्षा ही माणसाच्या प्रतिष्ठेला न शोभणारी प्रथा आहे, ती सहा महिन्यांत थांबवा, आणि ओढणाऱ्यांनाच विजेच्या रिक्षा मिळतील असे पाहा. या निकालातले शेवटचे कलम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. यंत्र आणा, पण ज्याचे कष्ट ते घेणार, त्याच्याच हाती द्या. गावात यावर एकमत आहे असे नाही. घोडेवाल्यांचा या रिक्षांना विरोध झाला, आणि त्यांचेही पोट आहे. पण एवढे खरे, की "यंत्र हवे की नको" हा प्रश्न इथे लोकांनी "यंत्र कुणाचे" असा बदलून विचारला.

गांधीजींनाही हा प्रश्न टळला नव्हता. १९२४ साली एका तरुणाने त्यांना विचारले, तुमचा सगळ्याच यंत्रांना विरोध आहे काय? तेव्हा त्यांनी शिवणयंत्राचा अपवाद केला. बायकोला हाताने टाके घालताना शिणलेली पाहून सिंगरने ते प्रेमापोटी शोधले, असे ते म्हणाले. तरुण चलाख होता. त्याने पुढे विचारले, मग ती शिवणयंत्रे बनवायला कारखाना लागेलच की! गांधीजींनी तेही मान्य केले. मात्र असे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे असावेत, अशी जोड दिली. सिंगरच्या चरित्रकारांना ही प्रेमकथा पटेल की नाही, ते सोडून देऊ. कसोटी मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे : यंत्र कुणाचा शीण पाहून घेतले आहे?

माझ्या बाबतीत शीण माझाच होता, आणि तोही धड शीण नव्हे. खरे सांगायचे तर मला रंधा मारायला आवडते. सागवानावर धारदार पाते चालले की जो आवाज होतो, कुरळी ढलपी बोटाभोवती गुंडाळत वर येते, आणि लाकडाचा तो तेलकट वास! एवढ्यासाठी माणूस पावसाळाभर पडवीत बसू शकतो. पण हे सुख कुणाचे? महिन्याच्या एक तारखेला ज्याचा पगार येतो, त्याचे. पूर्वी गावचा सुतार बलुतेदार होता. वर्षाच्या शेवटी खळ्यावर त्याचे धान्य ठरलेले. नांगर दुरुस्त करायला दोन तास लागले की चार, हे धान्य मोजताना कुणी पाहत नसे. (त्या व्यवस्थेत दुसरे जे अन्याय होते, ते मी विसरलेलो नाही.) पुढे सुताराचा वेळ तासांवर विकला जाऊ लागला, आणि एक सूत काढायच्या नऊशे ढकली हा त्याचा तोटा झाला. तेच माझे सुख राहिले. छंदाचे कष्ट आणि पोटाचे कष्ट दिसायला हुबेहूब सारखे असतात. एकाच रंध्याने होतात, घामही तोच. पण पहिल्या प्रकारच्या माणसाने दुसऱ्या प्रकारच्या माणसाला हातकामाचे माहात्म्य सांगणे, यासारखा असभ्यपणा नाही.

आणि असा दुसरा माणूस माझ्या शेजारीच आहे. साठी उलटलेले एक मिस्त्री. माझ्या जड फळ्या मी त्यांच्याकडूनच रोजंदारीवर साफ करून घेत असे. मी यंत्र घेतले, तर वर्षाकाठी त्यांचे दहा-बारा दिवसांचे काम जाणार. माझी खरी अडचण ही होती. वजनाची गोष्ट तिच्यापुढे काहीच नाही. नवरात्र संपत आले होते. खंडेनवमीला ते आपली हत्यारे धुऊन, हळदकुंकू लावून पाटावर मांडतात. मी गेलो तेव्हा मांडणी चालली होती. मी विषय काढला.

"घ्या की गुरुजी," ते म्हणाले. "विचारता काय?"

"तुमचं काम जाईल, मिस्त्री."

त्यांनी हातातला रंधा पाटावर ठेवला. त्याचा मागचा भाग तळहाताने झिजून खोलगट झाला आहे. "काम गेलं कधीच. पोरगा माझा खाली नेरळात फर्निचर करतो. त्याच्या पेटीत रंधा आहे का, बघा एकदा! प्लायवूड येतं कारखान्यातून मोजून-मापून, वर सनमायका चिकटवला, झालं. रंध्याचं काम मशीननं नाही नेलं. फळीच गेली, तिच्याबरोबर रंधा गेला. तुमच्या दहा दिवसांनी माझं घर चालतं होय?"

मी म्हटले, "तरी पण..."

"आणि हे बघा," त्यांनी उजवा हात वर केला. तो खांद्याच्या पुढे जाईना. "हा रंध्यानं गेला. पटाशीनं नाही, करवतीनं नाही. रंध्याचे पैसे कधी कुणी वेगळे दिले नाहीत. पैसे जोडाचे. खाचा बसल्या, दार गुण्यात आलं, की गिऱ्हाईक खूश. जाडी काढायची ती आपल्या पदरची."

बोलता बोलता ते उठून आत गेले आणि एक फूटभर रुंदीची फळी घेऊन आले. जुनी, कुठल्याशा बंगल्याच्या दाराची. एक डोळा मिटून त्यांनी तिच्या लांबीवर नजर टाकली, मग माझ्या हातात दिली. "बघा."

फळीला पीळ होता. एक कोपरा वर, समोरचा खाली. दोन टोकांना दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवून मागून पाहिले, की तो साफ दिसतो. मिस्त्रींना पट्ट्या लागत नाहीत.

"ही तुमच्या मशीनमध्ये घाला," ते म्हणाले. "काय होईल?"

हे मी वाचले होते, पण वाचलेले आणि हातात धरलेले यांत अंतर असते. जाडीचे यंत्र फळी सरळ करीत नाही. ते खालची बाजू प्रमाण मानते आणि वरची तिला समांतर करते. खाली पीळ असेल तर रूळ फळीला दाबून क्षणभर सपाट करतात, पाती फिरतात, आणि दाब सुटला की फळी पुन्हा पिळून बाहेर येते. जाडी सर्वत्र एकसारखी, पीळ पहिल्याइतकाच. वाकडेपणाची अचूक नक्कल! पहिली बाजू सुतात आणायचे काम दुसऱ्या यंत्राचे, नाही तर हाताचे आणि डोळ्याचे. (शाळा आणि मुले यांना फळ्यांची उपमा देण्याचा मोह इथे कुणालाही होईल. शिक्षक म्हणून ती उपमा मी समारंभांतून इतक्या वेळा ऐकली आहे, की इथे ती देणार नाही.)

"पहिली बाजू माझ्याकडं आणत जा," मिस्त्री म्हणाले. "बसल्या बसल्या दहा ढकलींत उंचवटे काढून देईन. तेवढं खांदा अजून करतो. दुसरी बाजू तुमचं मशीन करील. आणि माझ्या दोन-चार फळ्या असतात, त्याही घालत जा."

मी त्यांच्याकडे एक नैतिक अडचण घेऊन गेलो होतो. त्यांनी तिचे दोन भाग केले, अवघड भाग स्वतःकडे ठेवला, आणि शीण यंत्राला दिला. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर नवा होता तेव्हा शेतकरी म्हणत, लोखंडाने जमीन नासेल. आज आपण त्याला हसतो. पण हे नवे लोखंड माझ्या जमिनीचे काय करील, हा प्रश्न हसण्याजोगा मुळीच नाही. फक्त त्याचे उत्तर ज्याची जमीन त्याच्याकडून घ्यावे. मी मिस्त्रींच्या वतीने त्यांची जमीन राखायला निघालो होतो, आणि तिथे प्लायवूडचे पीक केव्हाच उभे होते.

मग आवाज राहिला. हे यंत्र चालताना शंभर डेसिबेलच्या आसपास आवाज करते. वस्तीतल्या दिवसाच्या आवाजाची कायद्याने ठरवलेली मर्यादा पंचावन्न आहे. पडवीला भिंती घालता येतील, दारे लावता येतील. तरी माथेरानात पान पडले तर ऐकू येते. हातरिक्षांच्या बाबतीत शांततेची किंमत दुसऱ्याने मोजू नये, असे मी वर म्हटले आहे. आता इथे मीच सगळ्यांच्या शांततेतून माझ्या नऊशे ढकली वसूल करणार! दोन्ही गोष्टी एकाच तराजूत घालता येतील काय? मला वाटते, येतील. रिक्षा ओढणाऱ्याला दुसरा मार्ग नव्हता, माझ्या शेजाऱ्यांना आहे. त्यांना विचारता येते. म्हणून विचारले. एका घरात रात्रपाळीहून येणारा मुलगा सकाळी झोपतो. दुसऱ्या घरी आजींना दुपारी डोळा लागतो. मागच्या बाजूला एक घोडा बांधलेला असतो, तो कर्कश आवाजाला बुजतो. घोड्याचे मत त्याच्या मालकाने सांगितले. या सगळ्यांतून वाट काढत आठवड्यातून एक वार ठरला : शनिवारी, अर्धी शाळा सुटल्यावर, दुपारी साडेबारा ते दीड. घोडा त्या वेळी कामावर असतो आणि आजी जेवत असतात.

एक तास! माझ्या हिशेबाने दर आठवड्याला शंभर फळ्यांना पुरेल एवढा. माझ्याकडे वर्षाला तीस फळ्यासुद्धा नसतात. म्हणजे हे यंत्र बहुतेक वेळ झाकून बसणार. मग एकट्याने ते घ्यावेच का, असा पुढचा प्रश्न आला. शाळेसाठी घ्यावे, तर लहान मुले आणि उघडी पाती यांची गाठ मला नको. दोघा-चौघांत घ्यावे, तर पाती कुणी मोडली यावरून वर्षभरात बोलणे बंद होईल. आमचे गाव मी ओळखतो. शेवटी माझ्या नावाने, माझ्या पैशाने, पण येईल त्याची फळी घालायची, एवढ्यावर मी थांबलो. घालण्यापूर्वी फळीवरून लोहचुंबक फिरवून खिळे शोधायचे, ही एकच अट.

पाऊस ओसरल्यावर हलके बारा इंची यंत्र मागवले. दस्तुरीहून ते त्याच बाईंनी आणि त्यांच्या दिराने आणले, एका खेपेत नव्हे. खोके फोडून मेजाचे पंखे, दांडा, पाती वेगळी केली आणि दोन खेपा केल्या. मजुरी दोन खेपांची दिली. माझी पत्नी म्हणाली, सिलिंडरलाही हेच करा. त्यावर विचार चालू आहे, कारण सिलिंडर फोडता येत नाही.

मिस्त्री पहिल्या शनिवारी तीन फळ्या घेऊन आले. पहिली बाजू घरूनच काढून आणली होती. मी पट्ट्या ठेवून पाहिली, केसाइतकाही पीळ नव्हता. दीड वाजायच्या आत त्यांच्या तिन्ही आणि माझ्या दोन फळ्या झाल्या. ते जाताना खिशात हात घालून उभे राहिले, आणि मीही खिशात हात घालून उभा राहिलो. कारण पहिल्या बाजूचे मी त्यांना काय द्यायचे आणि दुसऱ्या बाजूचे त्यांनी मला काय द्यायचे, हे आमचे अजून ठरलेले नाही.